एकच फोटो, पुन्हा पुन्हा

भाऊ, फोटोग्राफी शिकायची तर रोज शंभर फोटो चाळू नको. भारतीय फोटोग्राफर रघु राय यांचा एकच घे अन् वहीत त्याची चौकट काढ: उजेड कुठून येतो, माणूस कुठं उभा आहे, कडेला काय कापलंय. मग तसाच फोटो आपल्या गावात काढून बघ. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ बहुतेक काम झूम नसलेल्या 50 मिमीच्या लेन्सवरच करायचे. तूही सध्या झूम विसर.

मी कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळीच वावरात जायचो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर हिरव्या पऱ्हाटीवर धरलं की वेचणाऱ्या बायांच्या ओटीतला कापूस नुसता पांढरा डाग व्हायचा. एक स्टॉप कमी केला, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड निम्मा केला, तेव्हा कापसाचे धागे दिसले, बोंडांनी ओरबाडलेली बोटंही. फोटो काढण्याआधी त्या बायांना विचार मात्र, अन् काढलेला दाखव.