हापूस नक्की कोणी अडवला?

प्रश्न : सासरे वाशी मार्केटला आंब्याचा धंदा करायचे. २०१४ला 'युरोपने बंदी घातली' म्हणून सगळे डोक्याला हात लावून बसले होते. पण हा युरोप म्हणजे नक्की कोण, पार्लमेंट का?
- एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, पार्लमेंट आहे हो, ७२० खासदारांची, पण तिला स्वतःहून कायद्याचा मसुदा आणताच येत नाही, तो आणतं युरोपियन कमिशन, ज्यात युरोपियन युनियन या संघातल्या २७ देशांचा एकेक माणूस असतो. मग पार्लमेंट आणि देशांच्या मंत्र्यांची कौन्सिल, दोघांनी तो पास करायचा. कौन्सिलमध्ये नुसती डोकी मोजत नाहीत, बहुतेक विषयांत १५ देश हवेत आणि त्यांची लोकसंख्या एकूण ६५ टक्के तरी भरायला हवी, म्हणजे जर्मनी-फ्रान्सची दादागिरी नको नि छोट्यांचीही नको. टॅक्सला मात्र सगळ्यांचा होकार लागतो, एक अडला की गाडं अडलं.

हापूस या वाटेने गेलाच नाही. मालात फळमाशी सापडली, सदस्य देशांच्या तज्ज्ञांच्या समितीने होकार दिला आणि कमिशनने आदेश काढला, १ मेपासून बंद, तेही ऐन सीझनमध्ये! बरोबर वांगी, कारली, पडवळ, अळूही गेले. असल्या तांत्रिक गोष्टींचे अधिकार आधीच्या कायद्यानेच कमिशनकडे दिलेले असतात. आंब्यावरची बंदी २०१५च्या सुरुवातीला उठली.