गनपोर्ट नाळेकडे चुकतात ते नकाशाचा कागद बाजूवर चिकटवल्यामुळे

तुमचा प्रश्न वाचून दुखणं लगेच ओळखीचं वाटलं. १:६४ मापाचं फ्रिगेटचं (जुन्या शिडाच्या युद्धनौकेचं) लाकडी मॉडेल, पहिलं प्लँकिंग (पट्ट्यांचा पहिला थर) झालेलं, किटमधल्या बाजूच्या दृश्याची झेरॉक्स कापून जहाजावर चिकटवली आणि तिच्यावरून गनपोर्ट, म्हणजे तोफांच्या चौकोनी खिडक्या, कापले. मधले जागेवर बसले, नाळेकडचे (पुढच्या टोकाकडचे) तीन मागे सरकले, आणि तोफ ठेवून पाहिली तर तिचं तोंड वरच्या काठाला टेकतंय. तक्रारी दोन दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी तो कागद आहे.

पिन व्हाइस (हाताने फिरवायचा बारीक ड्रिल), ब्लेड, कानस कशी धरायची हे तुम्हाला येत असणार, ते सोडून देतो. मी लिहितोय ते बल्कहेडवर, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या फळ्यांवर, पट्ट्या चढवलेल्या मॉडेलबद्दल. भरीव ठोकळ्यातून कोरलेल्या जहाजाला मापं घेण्याची रीत वेगळी पडते.

बाजूचं दृश्य म्हणजे जहाजाची सपाट भिंतीवर पडलेली सावली. जिथे बाजू मध्यरेषेला समांतर आहे तिथे नकाशातले १० मिमी म्हणजे लाकडावरचेही १० मिमी. नाळेकडे बाजू आत वळली की हे जमत नाही. वळण ३०° असेल तर नकाशातल्या १० मिमीला लाकडावर साडेअकरा लागतात, ४५° असेल तर चौदाच्या वर. नकाशातल्या ४० मिमीच्या टप्प्यात बाजू ३०° वळलेली असेल, तर कागद ६ मिमीने तोकडा पडतो. १२ मिमी रुंदीचा पोर्ट धरला तर अर्धा पोर्ट मागे गेला! वर तो अरुंदही होतो, कारण तिरक्या बाजूवर कापलेले १२ मिमी बाजूने पाहिल्यावर १०.४ च दिसतात.

उभ्या मापाचंही तेच. सर्वात फुगीर रेषेच्या वर बाजू आत कलते. कल २०° असेल तर चिकटवलेल्या कागदाचे ३० मिमी उभ्या उंचीत २८.२ भरतात, म्हणजे पोर्ट १.८ मिमी खाली आला. त्यात प्लायच्या डेकवर अजून १ मिमीच्या फळ्या चढायच्या असतील तर तोफ तेवढी वर जाणार. ११ मिमी उंचीच्या पोर्टात ४ मिमी जाडीचं तोंड मध्यभागी असेल तर वर साडेतीन मिमी मोकळे राहायला हवेत. इथे उरतात जेमतेम ०.७. चौकटीची पट्टी जरा आत बसली की टेकलंच.

याचा राग यासाठी येतो की काही किटच्या सूचनापत्रात 'नकाशा कापून बाजूवर चिकटवा' असं स्पष्ट छापलेलं असतं. नाव घेत नाही, पण अशा एका कंपनीला विचारलं तर 'नकाशा अचूक आहे' एवढं एका ओळीचं उत्तर येतं. नकाशा अचूकच असतो हो, पण सपाट नकाशा वळलेल्या बाजूवर गुंडाळायला सांगणारं वाक्य चूक आहे. महागडं लाकूड वाया जातं ते गिऱ्हाइकाचं.

मग खुणा कशा करायच्या? मॉडेल पाटावर सरळ घट्ट बसवा, जलरेषा पाटाला समांतर. पाटावर मध्यरेषा आखा आणि प्रत्येक पोर्टाचं मागचं-पुढचं अंतर नकाशावरून त्या रेषेवर घ्या, जवळच्या बल्कहेडपासून मोजून. बल्कहेडची जागा खरी असते, म्हणून चूक साठत जात नाही. त्या खुणेतून मध्यरेषेला काटकोनात रेघ काढून बाजूपर्यंत आणा आणि तिथे गुण्या उभा करून लाकडावर रेघ ओढा. वळण कितीही असो, खूण बरोबर जागी पडते.

उंची डेकपासून घ्या. पोर्टाच्या उंबऱ्याच्या (खालच्या कडेच्या) उंचीचा लाकडी ठोकळा करा, त्याखाली डेकच्या फळीचा तुकडा ठेवा आणि दर बल्कहेडपाशी, डेक बाजूला मिळतो तिथे, खूण करा. ज्या खालच्या मजल्याला मॉडेलमध्ये डेकच नसतो तिथे पाटापासून उभी उंची घ्या. ठोकळ्यावर आडवी बांधलेली पेन्सिल पुरते. मग खुणांवरून १.५ × ४ मिमीची लवचीक पट्टी टाचण्यांनी बसवून एका टोकाकडून डोळा लावून पाहा. एखादी खूण अर्ध्या मिमीने चुकत असेल तर पट्टीचं ऐका. एक मिमीहून जास्त चुकत असेल तर तिथला बल्कहेड तपासा. बाहेरच्या जाड आडव्या पट्ट्यांवरून, म्हणजे वेलवरून, पोर्टांची ओळ कधीच ठरवू नका. वेलचा बाक डेकपेक्षा बऱ्याचदा जास्त असतो, आणि सतराव्या शतकातल्या जहाजांत तर पोर्ट वेलला छेदून जातात.

पोर्टाचा उंबरा आणि माथा डेकच्या बाकाला समांतर, उभ्या कडा मात्र जलरेषेला काटकोनात. त्यामुळे टोकांकडचा पोर्ट किंचित तिरका चौकोन होतो. बाक ५° असला तर १२ मिमीत १ मिमीचा फरक पडतो. तिथे काटकोनी चौकोन कापला तर ओळ पायऱ्यापायऱ्यांची दिसते.

कापताना चारही बाजूंनी १ मिमी लहान कापा, उरलेलं कानशीने. कानस बाहेरून आत ढकला, म्हणजे ढलपी निघाली तर आतून निघेल. पोर्टामागे बल्कहेडच्या मध्ये लाइम (लिंडन) लाकडाचा ठोकळा आधीच भरलेला हवा. बाल्सा मऊ पडतो, चौकटीची कड धरत नाही. नाळेकडे कानस बाजूच्या पृष्ठाला काटकोनात नको, मध्यरेषेला काटकोनात हवी, नाहीतर पुढच्या तोफा पंख्यासारख्या फाकतात. आतली बाजू मोकळी असेपर्यंत समोरासमोरच्या दोन पोर्टांतून २ मिमीचा सरळ पितळी गज घालून बघा. गज आडवा समतल आणि मध्यरेषेला काटकोनात बसला की दोन्ही बाजू जुळल्या.

चौकटीसाठी पोर्टाच्या मापाचा कठीण लाकडाचा ठोकळा करून त्याला मेण लावा. आधी उंबरा आणि माथा चिकटवा, ठोकळा मध्ये ठेवून, आणि मग उभ्या पट्ट्या. दुसरं प्लँकिंग चौकटीच्या आतल्या कडेपासून पाऊण मिमी अलीकडे थांबवलं की झाकणाची खाच आपोआप मिळते. ती चारही बाजूंना हवी का, हे तुमच्या जहाजाच्या नकाशावर पाहा.

आता तुमच्या तीन पोर्टांचं. दुसरं प्लँकिंग झालेलं नाही, हे नशीब. पुटी भरू नका, नव्या कापाच्या कडेला ती टिकत नाही. पट्ट्यांच्याच रेषांच्या दिशेचा लाकडी तुकडा घट्ट बसवा, पांढऱ्या डिंकाने. सुपरग्लूची वाळलेली रेघ लाकडापेक्षा कठीण होते आणि कानस तिच्यावरून घसरून मऊ लाकूड खाते. तुकडा पूर्ण वाळल्यावर सपाट करून नव्याने आखा.

उंचीचा प्रश्न फक्त त्या तिघांचा नसणार. तयार तोफगाडा प्रत्येक पोर्टापाशी, खाली डेकच्या फळीचा तुकडा ठेवून, लावून बघा. सगळीकडे १ मिमीच्या आत फरक असेल तर गाड्याची चाकं आणि आसाची बैठक थोडी घासून भागेल. त्याहून जास्त असेल तर माझं मत, पटलं तर घ्या: अख्खी ओळ वर सरकवा. दोन-तीनच पोर्ट उचलले तर ओळीतला तो मोड लगेच डोळ्यात भरतो, उंची चुकलेली मात्र कुणी मोजत बसत नाही. पिवळ्या पट्ट्यावर काळी झाकणं रंगवणार असाल तर हे दुपटीने लागू.

झाकणं पोर्ट पूर्ण झाल्यावरच कापा, प्रत्येक आपापल्या पोर्टावरून, आणि मागे नंबर टाका. बाहेरच्या फळ्यांच्या रेषा झाकणावरून सलग गेल्या पाहिजेत, म्हणून दुसऱ्या प्लँकिंगच्या त्याच पट्ट्यांचे उरलेले तुकडे जपून ठेवा.