पहिलं बाळंतपण घरी करावं का?

पहिलंच बाळ, आठवा महिना, सगळे रिपोर्ट नॉर्मल. हॉस्पिटलची धास्ती वाटते आणि प्रशिक्षित मिडवाइफ घरी यायला तयार आहे, तर घरीच बाळंत व्हावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी लेबर रूममध्ये काम करणारी नर्स-मिडवाइफ आहे. माझं मत आधीच सांगते: पहिल्या खेपेला घरी नको. पण त्या मिडवाइफला मात्र सोडू नका.

इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या सुमारे 64,000 बायकांच्या बाळंतपणांचा अभ्यास झाला होता, तो 2011 साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांमध्ये घर आणि हॉस्पिटल यांत बाळाच्या दृष्टीने ठळक फरक दिसला नाही. पहिलटकरणींमध्ये दिसला. बाळ दगावणं किंवा त्याला गंभीर इजा होणं, असे सगळे प्रकार एकत्र धरले तर हॉस्पिटलात हजारी 5.3 आणि घरी हजारी 9.3. म्हणजे दोन्हीकडे धोका थोडाच, पण घरी जास्त. शिवाय घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी 45 टक्क्यांना हॉस्पिटलात हलवावं लागलं, बहुतेकदा बाळंतपण पुढे सरकत नाही म्हणून. आणि हे सगळं शिकलेल्या मिडवाइफ आणि बोलावल्यावर येणारी ॲम्ब्युलन्स असताना. जिथे यातलं एकही नाही, तिथे हे आकडे लावूच नका.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बाळ जन्मल्यानंतरच्या रक्तस्रावाची. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जात असतं. वार सुटली की गर्भाशय आवळतं आणि त्या उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते आवळलं नाही, तर सगळं मिनिटांवर येतं. मिडवाइफ घरीही ऑक्सिटोसिनचं, म्हणजे गर्भाशय आवळायला लावणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देईल, पोट चोळून गर्भाशय घट्ट करायला बघेल, वारेचा तुकडा आत राहिलाय का ते तपासेल. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर रक्त चढवायला आणि ऑपरेशन थिएटरला पर्याय नाही. आणि हे आधीच्या कुठल्याही नॉर्मल रिपोर्टवरून कळत नाही.

तरीही तुमची धास्ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. व्हिएन्नाच्या एका मोठ्या इस्पितळात दोन प्रसूतिविभाग होते, एक डॉक्टरांचा, एक सुइणींचा. डॉक्टरांच्या विभागात तापाने कितीतरी जास्त बाळंतिणी दगावत. तिथे जायला लागू नये म्हणून बायका विनवण्या करत. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच तपासायला येत, हे तिथल्याच इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने ओळखलं आणि 1847 मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. इस्पितळाने बायकांचं नुकसान केलं होतं आणि त्यांना ते डॉक्टरांच्या आधी कळलं होतं.

आज जाच असतो तो घाईचा. पाठीवर झोपवून ठेवणं, जवळच्या माणसाला बाहेर काढणं, गरज नसताना खाली छेद देणं, कळा मंद वाटल्या की लगेच सलाईनमधून त्या वाढवणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत याला आधारच नाही. पिशवीचं तोंड 5 सेंटिमीटर उघडेपर्यंत बाळंतपणाने जोर धरला असं मानायचं नाही, तासाला 1 सेंटिमीटर उघडलं पाहिजे असा हट्ट धरायचा नाही, सोबतीला हवं ते माणूस असू द्यायचं, उकिडवं, गुडघ्यांवर, उभं, जसं सोसेल तसं राहू द्यायचं, असं त्या सांगतात. आणि बाळंतपणभर एक माणूस सतत जवळ असलं तर सिझेरियनचं प्रमाण कमी होतं, कळांचा काळही थोडा घटतो, हे 15,000 हून जास्त बायकांवरच्या चाचण्यांतून दिसलंय. डॉक्टर फेरीला येतात आणि जातात. शेजारी बसून राहणं, बाळाचे ठोके ऐकत राहणं आणि उगाच हात न लावणं हे मिडवाइफचं काम. तुम्हाला घरी जे मिळेलसं वाटतंय, त्यातलं बरंचसं खरं तर तिच्यामुळे मिळणार आहे. ती हॉस्पिटलात तुमच्याबरोबर येऊ शकते. थिएटर मात्र घरी आणता येत नाही.

म्हणून आधी ती सोबत येऊ शकते का ते बघा. नाहीतर मिडवाइफच चालवतात असा, थिएटरला लागून असलेला विभाग शोधा. ठरवण्याआधी हॉस्पिटलला थेट विचारा: सोबतीला कोणाला राहू देता? चालू-फिरू देता का? छेद कधी देता? रात्री भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की फोन केल्यावर येतात? नाळ लगेच कापता की मिनिटभर थांबता? उत्तर देताना चिडले तर दुसरं हॉस्पिटल बघा, अजून वेळ आहे.

एवढं करूनही घरीच ठरवलंत, तर मिडवाइफला विचारा की तिच्याजवळ ऑक्सिटोसिन आणि बाळाला श्वास देण्याची पिशवी व मास्क आहे का, आणि कुठल्या हॉस्पिटलशी तिचं आधीच बोलणं झालंय. बाळ पायाळू असेल, जुळी असतील, रक्तदाब वाढला किंवा 37 आठवड्यांच्या आत कळा आल्या, तर घरचा बेत तिथेच सोडा. पाणी हिरवट गेलं किंवा अंगावरून भरपूर रक्त जायला लागलं, तर अजून थोडी वाट बघू असं कोणीही म्हणालं तरी निघा.