लाल टोपी, केशरी टोपी

‘माझ्या हातून रुग्णाला काही झाले तर?’ ही भीती घेऊन नर्सिंगच्या विद्यार्थिनी समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकींच्या मागे प्रत्यक्ष घडलेली चूक नसते. जी.एन.एम. या नर्सिंग पदविकेच्या दुसऱ्या वर्षातील एका मुलीच्या बाबतीत मात्र ती घडली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तेव्हापासून ती प्रत्येक औषध पाच-सहा वेळा तपासत होती, इंजेक्शन भरताना तिचे हात थरथरत होते आणि कोर्स सोडणार असल्याचे तिने घरी सांगूनही टाकले होते.

मी तिला ती सकाळ क्रमाने सांगायला लावली. मेडिकल वॉर्डात लाल टोपीच्या इन्सुलिन सिरिंज संपल्यामुळे केशरी टोपीच्या आणल्या गेल्या होत्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदींत मिळतात. लाल टोपीची सिरिंज पहिलीसाठी असते, केशरी दुसरीसाठी. व्हायल ४०ची होती आणि डोस २० युनिटांचा. केशरी सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरलेल्या ०.२ मिलिलिटर औषधात प्रत्यक्षात ८ युनिटच येतात. (उलट अदलाबदल झाली असती, तर २०च्या जागी ५० गेले असते, मी नर्स नसल्याने हा हिशेब एका निवृत्त ट्यूटरबाईंकडून समजून घेतला.) टोपीचा रंग वेगळा असल्याचे तिला दिसले होते. पण सिस्टर पलीकडच्या खाटेवरून “आटप गं लवकर” म्हणाल्या आणि तिने इंजेक्शन देऊन टाकले.

“मला दिसलं होतं मॅडम, तरी दिलं,” हे वाक्य तिने तासाभरात चार वेळा म्हटले. पुढचा भाग तिने जाता जाता सांगितला, जणू तो महत्त्वाचा नव्हताच. दुपारी रुग्णाची शुगर बरीच वाढलेली निघाली आणि राउंडला आलेले डॉक्टर डोस वाढवण्याच्या बेतात होते. तेव्हा सगळ्यांसमोर तिने सिरिंजची गोष्ट सांगितली. ती गप्प राहिली असती, तर वाढवलेला डोस दुसऱ्या दिवशी योग्य सिरिंजने गेला असता आणि शुगर धोकादायकरीत्या खाली येऊ शकली असती. हा परिणाम तिने त्या क्षणी ओळखला होता.

तेव्हा, ‘मला निर्णयक्षमताच नाही’ हे तिचे निदान मला मान्य नव्हते. तिची नजर आणि विचार दोन्ही वेळा बरोबर चालले होते. सकाळी फक्त तोंड उघडले नव्हते. पाच-सहा वेळा तपासण्याने त्यावर उपाय होणार नव्हता, आणि भीतीपोटी केलेल्या सहाव्या तपासणीत माणूस पाहतो कमी, असे माझे मत आहे. म्हणून आम्ही तीन बैठकांत जवळजवळ एकच गोष्ट केली. मी घाईतली, थोडी चिडलेली सिस्टर झाले आणि ती हातातले काम थांबवून म्हणत राहिली, “सिस्टर, व्हायल चाळीसची आहे, सिरिंज शंभरची आहे. मी थांबते, तुम्ही एकदा बघता का?” सुरुवातीला तिच्या वाक्यात दोनदा ‘सॉरी’ येत असे. ते आम्ही काढले.

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली. उलट्या होत असल्यामुळे न जेवलेल्या एका आजोबांचे दुपारचे इन्सुलिन तिने थांबवून विचारले होते. सिस्टर आधी वैतागल्या, मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. हात अजून थरथरतात, असे तिने सांगितले. तपासणी मात्र आता शिकवल्याप्रमाणे तीनदाच करते.