जुन्या सेन्ससच्या एका पानाला साडेतीन पौंड? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार. आमची सून इंग्रज आहे, मुलगा तिकडेच मँचेस्टरजवळ स्थायिक झालाय. नातवाला सध्या वंशावळीचं वेड लागलंय. आमच्या बाजूची सात पिढ्यांची नावं मी कागदावर लिहून पाठवली, आता त्याला आईकडचीही हवीत. तो म्हणतो तिकडच्या जुन्या सेन्ससमध्ये, म्हणजे जनगणनेत, सगळं ऑनलाइन आहे, पण नाव टाकलं की फक्त माणूस असल्याचं कळतं आणि पुढे क्लिक केलं की पैसे. टाइप केलेलं बघायला अडीच पौंड, फोटो बघायला साडेतीन, नाहीतर वर्षाची मेंबरशिप घ्या म्हणे. सरकारी कागद आहेत ना हे? मग पैसे कसले?

उत्तर: आजोबा, आधी नातवाला सांगा कार्ड खिशात ठेव. तुम्ही सांगताय तो दर १९२१ च्या सेन्ससचा. कागद सरकारचेच आहेत, पण त्यात ३ कोटी ८० लाख माणसं आहेत, ते सगळे गठ्ठे सोडवायचे, फाटलेलं चिकटवायचं, स्कॅन करायचं आणि वर प्रत्येक ओळ टाइप करायची, हे काम तिथल्या नॅशनल आर्काइव्हजनी (सरकारी जुनी कागदपत्रं जपणारी संस्था) फाइंडमायपास्ट या कंपनीबरोबर केलं, आणि कंपनी खर्च करणार म्हटल्यावर वसूलही करणार. म्हणून ६ जानेवारी २०२२ ला तो ऑनलाइन आला तेव्हा हा अडीच-साडेतीनचा दर लागला. लोकांनी तेव्हाही भरपूर आरडाओरडा केला होता, तुम्ही एकटे नाही.

पण तुमचा मुलगा मँचेस्टरजवळ राहतो हे मला फार आवडलं, कारण तोच १९२१ चा सेन्सस मँचेस्टर सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसलं की फुकट बघता येतो! लंडनला क्यू नावाच्या भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आणि वेल्समध्ये अ‍ॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीतही तसंच. एक शनिवार काढा म्हणावं, पोराला घेऊन जा, सगळी घराणी एका दिवसात बघून होतील.

त्याच्या आधीच्या सेन्ससचं तर अजूनच सोपं आहे. तिकडे १८४१ पासून दर दहा वर्षांनी माणसांची नावं लिहिलेला सेन्सस आहे, आणि त्यातला १८८१ चा इंग्लंड-वेल्सचा अख्खा सेन्सस स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं बसून टाइप केलाय, तो फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट अकाउंट काढून घरबसल्या दिसतो. तुम्ही इथून काढलंत तरी चालेल. फ्रीसेन नावाचा स्वयंसेवकांचा दुसरा प्रकल्प आहे, त्यात सगळे जिल्हे नाहीत पण जे आहेत ते फुकट. आणि बाकीच्या वर्षांसाठी तिकडच्या बऱ्याच पब्लिक लायब्ररींनी अ‍ॅन्सेस्ट्री (वंशावळीची दुसरी पैसेवाली साइट) नाहीतर फाइंडमायपास्टची मेंबरशिप घेऊन ठेवलेली असते, त्यांच्या कॉम्प्युटरवर बसायचं, एक पेनी लागत नाही. हे लायब्ररीवाले बोर्ड लावून सांगत नाहीत, काउंटरवर जाऊन विचारावं लागतं.

एवढं करूनही पैसे द्यायची वेळ आलीच तर माझं सरळ मत, टाइप केलेली प्रत घेऊ नका, मूळ पानाचा फोटो घ्या. एक पौंड जास्त जातो पण टाइप करणाऱ्याने जुनं अक्षर वाचताना काय काय घोळ घातलेत ते फोटो बघितल्याशिवाय कळत नाही. आणि १९११ पासूनचे फॉर्म घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेले आहेत (त्याआधीच्या वर्षांचं फक्त गणना करणाऱ्याने वहीत उतरवलेलं शिल्लक आहे), म्हणजे साडेतीन पौंडात नातवाला पणजोबांचं की खापरपणजोबांचं अक्षर बघायला मिळतं, हे काही वाईट नाही. १९२१ मध्ये तर माणूस कुणाकडे कामाला होता त्या मालकाचं नावही विचारलं होतं.

पैसे द्यायच्या आधी फुकटची यादी नीट पिळून घ्या. सर्चच्या निकालात नाव, जन्मसाल आणि जन्मगाव तसंही दिसतं. त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाचं पहिलं नाव टाकून सर्च करायची सोय आहे ती वापरा, म्हणजे तुमचा जॉन हजार जॉनमधून वेगळा निघतो. आडनावाने सापडत नसेल तर आडनाव काढून टाका, नुसतं पहिलं नाव, गाव आणि साल ठेवा, टाइपिंगची चूक बहुतेक आडनावातच असते. आणि १८४१ ला वयावरून गोंधळू नका, पंधराच्या वरच्या माणसांची वयं त्यात पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलीत, ३८ चा माणूस ३५ चा लिहिलेला असतो. मी स्वतः एक महिना चुकीच्या माणसामागे फिरले होते यापायी.

मेंबरशिपबद्दल एकच. पहिले काही दिवस फुकट म्हणतात ते खरं असतं, ते संपले की कार्डावरून वर्षाचे पैसे जातात तेही खरं असतं. माझे गेलेत. ईमेलवर ईमेल केले, उत्तर आलं की अटी वाचायला हव्या होत्या. तेव्हा ज्या दिवशी घ्याल त्याच दिवशी ऑटो-रिन्यू बंद करा, आणि तुमच्या प्लॅनमध्ये १९२१ आहे का ते आधी बघा, असेलच असं धरून चालू नका.

प्रश्न: १९२१ पर्यंतचं सगळं मिळालं. १९३१ आणि १९४१ कुठल्या साइटवर आहे? पैसे द्यायची तयारी आहे.

उत्तर: पैसे देऊनही मिळणार नाही हो. इंग्लंड-वेल्सचा १९३१ चा सेन्सस डिसेंबर १९४२ मध्ये मिडलसेक्समधल्या हेझ इथे ठेवला होता तिथे आग लागून जळाला, बॉम्बने नव्हे, साधी आग. आणि १९४१ चा लढाईमुळे झालाच नाही. म्हणजे १९२१ नंतर एकदम १९५१, आणि तो शंभर वर्षं बंद, म्हणजे २०५२ ची वाट बघा.

मधला खड्डा भरायला १९३९ चं रजिस्टर आहे. २९ सप्टेंबर १९३९ ला, लढाई सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, ओळखपत्रं आणि पुढे रेशन द्यायचं म्हणून घरोघरी नोंद केली. सेन्ससमध्ये नुसतं वय असतं, यात पूर्ण जन्मतारीख आहे, आणि रजिस्टर पुढे वर्षानुवर्षं वापरात राहिलं म्हणून लग्न झालेल्या बायकांच्या जुन्या आडनावावर नवं आडनाव लिहिलेलं सापडतं, जे एरवी शोधायला जीव जातो. काही ओळी काळ्या दिसतील, ती माणसं अजून हयात असू शकतात म्हणून झाकलीत. मोठ्या साइट्सवर आहे, आणि वर म्हटलं तसं लायब्ररीत फुकट.

प्रश्न: स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिका यांचं थोडक्यात सांगाल का? जावयाकडे तिन्हीची सरमिसळ आहे.

उत्तर: आयर्लंडपासून सुरू करा, १९०१ आणि १९११ दोन्ही त्यांच्या नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर पूर्ण फुकट, मूळ फॉर्मसकट. त्याआधीचं मात्र जवळजवळ काहीच नाही, काही १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये जळलं आणि काही तर सरकारनेच रद्दीत घातलं. अमेरिकेचा सेन्सस ७२ वर्षांनी खुला करायचा नियम आहे, १९५० चा १ एप्रिल २०२२ ला खुला झाला, फुकट. त्यांचा १८९० चा जवळपास सगळा आगीत आणि त्यानंतर नष्ट झाला, तो शोधत बसू नका. स्कॉटलंडचं स्कॉटलंड्सपीपल या सरकारी साइटवर क्रेडिटवर (आधी पैसे भरून ठेवायचे) चालतं, सर्च फुकट, पान उघडलं की क्रेडिट जातं, मी बघितलं तेव्हा एका पानाला दीड पौंड पडत होता. मेंबरशिप नाही, ऑटो-रिन्यू नाही, मला तीच पद्धत प्रामाणिक वाटते.

प्रश्न: माझे पणजोबा बोटीवर खलाशी होते, लंडनला अनेकदा गेले असं घरात ऐकत आलोय. इथल्या ब्रिटिश काळातल्या खानेसुमारीत किंवा तिकडच्या सेन्ससमध्ये त्यांचं नाव मिळेल का?

उत्तर: इथल्या खानेसुमारीत नाही. १८७२ पासूनचे रिपोर्ट ऑनलाइन फुकट आहेत, त्यात जिल्हे, जाती, धंदे, भाषा सगळ्याचे आकडे आहेत, पण आकडेच, माणसाचं नाव नाही. कुणी पैसे घेऊन ‘भारताच्या जुन्या सेन्ससमधून नाव काढून देतो’ म्हणालं तर देऊ नका.

तिकडच्यात मिळू शकतं, कारण तिथला नियम साधा होता, सेन्ससच्या रात्री जो जिथे झोपला तिथे त्याची नोंद, मग तो कुठल्याही देशाचा असो. बंदरात उभ्या असलेल्या बोटींवरच्या माणसांचीही यादी करायचे. लंडनला वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७ पासून आशियाई खलाशांसाठी एक मोठं वसतिगृह होतं, स्ट्रेंजर्स होम म्हणायचे, तिथले लोक सेन्ससमध्ये आहेत. तसंच साहेबांच्या पोरांना सांभाळत बोटीने गेलेल्या आया, त्यांच्यासाठी हॅकनीमध्ये वेगळं घर होतं.

आता अडचण. इंग्रज कारकुनाने आपली नावं कानाला ऐकू आली तशी लिहिलीत, त्यामुळे नावाने शोधलंत तर वर्ष जाईल. नाव रिकामं सोडा, जन्मठिकाणाच्या रकान्यात बॉम्बे टाका, इंडिया टाका, आणि ईस्ट इंडीज पण टाका, जुन्या वर्षांत तसंच लिहायचे. धंद्याच्या रकान्यात लास्कर (आशियाई खलाशी), सीमन (खलाशी) किंवा फायरमन, हा आग विझवणारा नव्हे, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. हे सर्च फुकटच्या यादीतच होतं, पान उघडायचे पैसे अगदी शेवटी.

पण सेन्सस म्हणजे दहा वर्षांतली एक रात्र, आणि त्या रात्री पणजोबा भर समुद्रात असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा त्याच्याबरोबर बोटींवरच्या कर्मचाऱ्यांच्या याद्याही बघा, १९१५ सालच्या ऑनलाइन फुकट आहेत. त्या याद्या माणसाप्रमाणे नाही तर बोटीप्रमाणे लावलेल्या असतात, म्हणून कॉम्प्युटरसमोर बसायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा आणि बोटीचं नाव आठवतंय का विचारा, अर्धवट आठवलं तरी लिहून घ्या.