फोटोवरून धमकी आली तर

मुलाला कुणी त्याच्या नग्न किंवा खासगी फोटोवरून धमकावत असेल तर आधी मुलाला जवळ घ्या. ओरडलात की उरलेलं तो सांगणारच नाही. पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करू नका. घाबरून नेमकं हेच होतं आणि पुरावा जातो. युजरनेम, प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मगच रिपोर्ट आणि ब्लॉक. तो फोटो मात्र नातेवाइकांनाही फॉरवर्ड करू नका.

'टेक इट डाउन' ही मोफत सेवा फोटो अपलोड न करता फोनवरच त्याचा डिजिटल ठसा काढते; त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुक तो शोधून हटवू शकतात. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमधला निघत नाही.

तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर, नाव न देताही होते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, मुलाच्या मदतीसाठी १०९८ वर.