टीव्ही-पेपरमुळं लोकांचं मत खरंच बदलतं का?
बदलतं, पण सरळ नाही. मत कोणाला द्या हे मीडिया कमीच सांगतो, गप्पा कशावर मारायच्या हे मात्र तोच ठरवतो. एप्रिल २०१६ मधी मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी (म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे), साधारण ५ लाख लिटर पाणी, अन् देशभरातल्या चॅनलवर लातूर झळकलं. चांगलंच झालं, आमचे हाल जगानं पाहिले. पण कॅमेरा स्टेशनवरच थांबला, तिथून पुढं खेड्यातल्या बाया टँकरमागं घागरी घेऊन पळत होत्या ते कितीदा दाखवलं? अन् पावसाळा लागला की विषयच संपला, ऊस किती लावायचा, विहिरी किती खोल गेल्या यावर कोणी चर्चा ठेवली नाही, मग पुढाऱ्याला तरी कोण विचारणार.

दुसरं म्हणजे पैसे देऊन छापलेल्या बातम्या. २००९ च्या विधानसभेला एका पुढाऱ्याच्या कौतुकाचा एकच मजकूर वेगवेगळ्या पेपरात शब्दाला शब्द सारखा आला होता, पेपरांच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं २०१० मधी पेड न्यूजवर अहवालही केला. आमच्याकडं पारावर एकच पेपर दहाजण वाचतात, त्यांना ही जाहिरात आहे हे कळणार कसं? मला याचा खरंच लै राग येतो.